भिंत झाकण्यापूर्वी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. काही भगिनींच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



आपल्या मासिक सभेत आजवर पाककृती झाल्या, बालसंगोपन झाले, बचतीवरही एक सुंदर व्याख्यान झाले. ज्या चार भिंतींच्या आत आपण हे सगळे करतो, त्या भिंतींविषयी मात्र आपण कधी बोललो नाही. आज त्यांच्याविषयी बोलावे असे कार्यकारिणीने सुचविले आणि ते काम माझ्याकडे सोपविले. मी इंजिनियर नव्हे, गवंड्याच्या घरातलीही नव्हे. एक मोठी चूक करून, तिचे पैसे भरून, त्यातून चार गोष्टी शिकलेली गृहिणी एवढीच माझी पात्रता. तेव्हा व्याख्यान म्हणून न ऐकता शेजारणीचे बोलणे म्हणून ऐकावे.

गेल्या काही महिन्यांत निदान चौघींनी मला एकच प्रश्न विचारला. "भिंतीचे पोपडे निघतात, वरून माती गळते. हल्ली ते जिप्समचे पातळ बोर्ड मिळतात. ते सरसकट ठोकून टाकले तर कसे?" चौघींनाही मी उलट एकच प्रश्न केला, "पोपडे का निघतात ते पाहिलेत का?" एकीनेही पाहिले नव्हते. मीही पाहिले नव्हते. माझी चूक ती हीच.

हे बोर्ड म्हणजे काय ते आधी सांगते. जिप्सम हा एक मऊ, पांढरा खनिज दगड आहे. वैद्यांकडचे गोदंती भस्म आपल्यापैकी पुष्कळजणींनी घरात पाहिले असेल. ती गोदंती म्हणजे हेच जिप्सम. आपल्या देशात ते मुख्यतः राजस्थानात निघते. ते भाजले की त्यातले बरेचसे पाणी उडून जाते आणि भुकटी उरते. त्या भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती घट्ट बसते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणतात ते हेच. हाच गोळा दोन जाड कागदांच्या मध्ये पसरून, लाटून, वाळवून तक्ते करतात. अमेरिकेत ऑगस्टिन सॅकेट या गृहस्थाने १८९४ साली अशा तऱ्हेच्या बोर्डाचे पेटंट घेतले. ओल्या गिलाव्याची दगदग नको, काम झटपट व्हावे, म्हणून तिकडे त्याचा प्रसार झाला. आपल्याकडे प्रथम कचेऱ्या आणि दुकाने यांच्या छताला ते आले आणि आता घरांत येऊ लागले आहे.

बोर्ड वाईट नाही हे मी आधीच सांगून ठेवते. भिंत दिसायला एका दिवसात गुळगुळीत होते. धूळ कमी उडते. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा त्यात बांधले गेलेले पाणी असते, त्यामुळे ते आगीलाही काही काळ दाद देत नाही. पण त्याचे दोन स्वभाव लक्षात ठेवावेत. पाणी लागले की ते मऊ पडते आणि त्याचा कागद ओल धरून राहिला की बुरशी येते. शिवाय कागद म्हटला की वाळवीला जेवणाचे आमंत्रणच.

आता आमच्या घराची हकिगत. आमचे घर नगरच्या जुन्या गावठाणातले. खाली दगडी जोते, वर पांढरीच्या मातीच्या भेंड्यांच्या दोन-दोन फूट जाड भिंती, आतून चुन्याचा गिलावा आणि माजघरावर माळवद. तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर किलच आणि वर हातभर माती. अशी घरे उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार असतात हे आपल्याला ठाऊक आहेच. पण माळवद म्हणजे तान्हे मूल. दरवर्षी त्याच्याकडे बघावे लागते. माझ्या सासूबाई वैशाख लागला की गड्याला वर चढवीत, उगवलेले गवत मुळासकट उपटून घेत, भेगा बुजवून घेत, नवी माती पसरून चोपून घेत आणि पन्हळी साफ करवून घेत. पुढे त्यांचे गुडघे गेले, जिना चढणे थांबले. आम्ही दोघेही नोकरीवर. माळवदाचे वैशाखातले काम एक वर्ष राहिले, मग दुसरे राहिले, मग ते कुणाला आठवेनासेच झाले. कड्यांमधून माती गळू लागली. पूर्वी अशा वेळी छताखाली कापडी चांदवा बांधीत. आम्ही तोही बांधला. खाली भिंतींना गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत लोणा लागला होता. सकाळी झाडावे तो संध्याकाळी पुन्हा भिंतीच्या कडेला पांढऱ्या भुकटीची रेघ.

२०१२ च्या सुरुवातीस आमच्या लेकीचे लग्न ठरले. व्याही मंडळी घरी यायची होती. खरे सांगते, मला त्या भिंतींची लाज वाटली. आपण बायका हातातली भाकरी जळली तर हसून नेतो, पण पाहुण्यांसमोर पोपडा पडला तर मेल्याहून मेल्यासारखे होते. एका ठेकेदाराला बोलाविले. त्याने चार दिवसांत माजघराला छत आणि भिंती अशी सगळी बोर्डाची पेटी करून दिली. भिंतीला लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर पातळ बोर्ड. छताला त्याच पट्ट्या कड्यांना ठोकल्या. त्याने आतली ओल पाहिली नाही आणि आम्हीही त्याला ती दाखविली नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "अगं, वर माती ओली असते. ती झाकून कोरडी होईल का?" मी म्हणाले, "आई, आता नवे साहित्य आले आहे." लग्न थाटात झाले. सगळ्यांनी खोलीची तारीफ केली.

२०१२ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्याला आठवत असेलच. पाऊसच नाही तर गळणार काय? आमची खोली वर्षभर लखलखीत राहिली आणि माझा अभिमानही तसाच राहिला. २०१३ ला पाऊस बरा झाला. श्रावणात माजघरात कुबट वास येऊ लागला. मी उदबत्त्या लावल्या. भाद्रपदात छताच्या एका कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग उमटला. मी तो रंगवून घेतला. मग ते छत मधोमध थोडे पोटासारखे खाली आले. "दसरा झाला की बघू," असे आम्ही म्हणालो.

दसऱ्याच्या आतच एका दुपारी ते खाली आले. दीड वर्ष कड्यांमधून गळलेली माती बोर्डाच्या वर साठत होती. तिला पावसाचे पाणी लागले, ओझे वाढले आणि वाळवीने पोखरलेल्या पट्ट्यांनी दम सोडला. ओला चिखल, बोर्डाचे तुकडे, पट्ट्या, खिळे असे सगळे थेट सासूबाईंच्या खाटेवर कोसळले. खाट मोडली. सासूबाई पाचच मिनिटांपूर्वी चहासाठी स्वयंपाकघरात आल्या होत्या. हातात कप तसाच धरून त्या दारात उभ्या राहिल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी भिंतीचे बोर्ड काढले. मागे सगळी काळी बुरशी, मध्ये वाळवीचे मातकट मार्ग आणि लोणा गुडघ्याऐवजी कमरेपर्यंत चढलेला. पूर्वी भिंतीतली ओल निदान खोलीच्या हवेत सुकत होती. आम्ही तिची वाट बंद केली, म्हणून ती वर चढली.

एका वयस्क गवंड्याला बोलाविले. तो आत आला नाही. आधी घराला बाहेरून प्रदक्षिणा घातली. मग म्हणाला, "बाई, रस्ता तुमच्या जोत्याच्या वर आलाय." खरेच होते. दर काही वर्षांनी रस्त्यावर खडी-डांबराचा नवा थर पडतो, जुना कुणी उकरीत नाही. आमच्या दारच्या तीन पायऱ्यांपैकी एकच उरली होती. रस्त्याचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरत होते. दुसऱ्या बाजूला मोरीचे पाणी फुटक्या नळीतून भिंतीतच झिरपत होते. वर माळवदाची पन्हळ बुजली होती. आजार तीन होते आणि आम्ही तिन्हींवर मिळून एक चादर पांघरली होती.

लोणा कसा लागतो हे त्याच्याकडून आणि पुढे थोडेफार वाचून मला कळले. ते समजायला आपली लोणच्याची बरणी पुरे. बरणीच्या झिलईला बारीक तडा गेला की आतले मिठाचे पाणी हळूहळू बाहेर झिरपते, वाळते, बाहेरून मीठ फुलते आणि काही दिवसांनी झिलईचा टवका उडतो. भिंतीचे तेच. जमिनीतले पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे मातीतून, विटेतून वर चढते. येताना जमिनीतले क्षार घेऊन येते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहून त्यांचे खडे होतात. ते खडे जागा मागतात आणि गिलावा ढकलून देतात. म्हणून लोण्याने पडलेला गिलावा कितीदाही नवा केला तरी तो पडतो. पाणी थांबल्याशिवाय क्षार थांबत नाहीत.

येथे कुणी म्हणेल, आपल्या नगरला पाऊस तो किती? वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे हजारो मिलिमीटर कोसळतो, ओलीची काळजी त्यांनी करावी. भगिनींनो, ही समजूत चुकीची आहे. आपल्याकडची ओल आभाळातून थोडी आणि मोरी, गटार, संडासची टाकी, उंच झालेला रस्ता यांतून फार येते. आपल्यापैकी ज्यांची माहेरे प्रवरेच्या कालव्यांच्या पट्ट्यात आहेत त्यांना आणखी एक कारण ठाऊक असेल. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्याखाली ऊस आला, समृद्धी आली. पण जेथे निचरा राहिला नाही तेथे जमिनीतले पाणी वर आले आणि जमिनी खारवल्या. अशा जमिनीवरच्या घराची भिंतही ते खारे पाणी पिते.

दुसरी चूक फार घरांत दिसते म्हणून सांगते. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो आणि भिंतीबरोबर थोडा हलतोही. सिमेंट कडक, ते ओल अडविते. मग आतली माती भिजत राहते आणि एके दिवशी सिमेंटचा मोठा तक्ताच भिंत सोडतो. एक इंच जाडीचा एक चौरस फूट गिलावा सुमारे चार किलो भरतो. तो डोक्याच्या उंचीवरून पडला तर काय होईल याचा विचार करावा. चुन्याची ताकद पाहायची असेल तर सोलापूर रस्त्याकडे फराहबाग आहे. निजामशाहीतला, सोळाव्या शतकातला तो महाल एका जुन्या तलावाच्या मध्यावर उभा आहे. इतक्या पडझडीनंतरही त्याच्या भिंतींवर चुन्याचे काम अजून दिसते.

तर मग आपल्या भिंतीचे दुखणे कसे ओळखावे? त्यासाठी पैसे लागत नाहीत.

पहिली परीक्षा बोटाच्या पेराची. नारळ घेताना आपण वाजवून घेतो, तशी भिंत हातभर अंतराने वाजवत जावी. भरीव आवाज आला तर गिलावा भिंतीला धरून आहे. पोकळ, ढबढब आवाज आला तर त्याने भिंत सोडली आहे. तेथे खडूने खूण करावी. छत वाजवायचे तर काठीने, आणि नेमके खाली उभे न राहता.

दुसरी परीक्षा प्लॅस्टिकच्या तुकड्याची. हातभर लांबी-रुंदीचे प्लॅस्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन दिवस राहू द्यावे. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. आपल्याकडच्या बाजूला दिसले तर ती खोलीच्या हवेतली वाफ आहे, खिडकी उघडी ठेवण्याने भागेल. ही परीक्षा उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा करावी. चैत्रातल्या भिंतीवर विश्वासून भाद्रपदाचा निर्णय घेऊ नये.

तिसरी परीक्षा प्रदक्षिणेची. घराभोवती फिरून पाणी कोठून येते आणि कोठे जाते ते पाहावे. पाऊस चालू असताना छत्री घेऊन पाहिले तर सर्वांत उत्तम.

आणखी एक गोष्ट फार गंभीर आहे. ज्यांची घरे सिमेंटच्या स्लॅबची आहेत त्यांनी ती विशेष ऐकावी. स्लॅबच्या खालचे पोपडे पडत असतील, तांबूस डाग किंवा सळईच्या रेघेवर लांब चीर दिसत असेल, तर आतली सळई गंजते आहे. लोखंड गंजले की ते कित्येक पट फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. त्याखाली बोर्डाचे छत लावणे म्हणजे जखम न धुता तिच्यावर पट्टी बांधणे. तेथे गवंडी नव्हे, इंजिनियर बोलवावा, आणि तो येईपर्यंत त्या जागेखाली पाळणा किंवा खाट ठेवू नये.

आता बोर्ड केव्हा लावावे? भिंत कोरडी आहे, भक्कम आहे, पण चिरांनी, जुन्या खिळ्यांच्या भोकांनी, वीस रंगांच्या थरांनी विद्रूप झाली आहे, तर जरूर लावावे. दोन-तीन सूत जाडीचा, म्हणजे सहा ते नऊ मिलिमीटरचा पातळ बोर्ड फक्त सपाट आणि घट्ट पाठ असेल तेथेच लावावा. तो स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. भिंत वाकडी असेल किंवा छत करायचे असेल तर लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा आणि साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड घ्यावा. छताच्या पट्ट्या दीड-दीड फुटावर आणि स्क्रू साधारण नऊ-नऊ इंचांवर असावेत. खिळे नकोत. साडेबारा मिलिमीटरचा सहा फूट बाय चार फुटांचा एक बोर्ड अठरा-वीस किलोंचा असतो, म्हणून सांगाडा तुळईला किंवा पक्क्या स्लॅबला धरलेला पाहिजे, सैल गिलाव्याला नव्हे. पोकळ वाजणारा गिलावा आधी पाडून टाकावा.

बोर्डाची खालची कड फरशीपासून अर्धा इंच वर ठेवून घ्यावी, नाहीतर रोज फरशी पुसतानाचे पाणी तो वातीसारखा ओढतो. मोरीजवळ हिरव्या कागदाचा बोर्ड देतात. तो वाफेला टिकतो, गळतीला नाही. विजेच्या जुन्या तारा बोर्डामागे गाडू नयेत, त्या आधी बदलून घ्याव्यात. देव्हारा, फडताळ, पाण्याची टाकी यांचे वजन बोर्डावर देऊ नये आणि पंख्याची कडी तुळईलाच असावी. छतात हात आणि बॅटरी आत जाईल एवढे एक झाकण ठेवून घ्यावे. कारागीर त्याला नको म्हणेल, शोभा जाते म्हणेल. त्याचे ऐकू नये. आमच्या छताला असे झाकण असते तर मी ती साठणारी माती पाहिली असती.

आमच्या घराचे पुढे असे झाले. भिंतीच्या पायाशी रस्त्याच्या बाजूने उताराचे पक्के गटार केले. मोरीची नळी बदलली. माळवदाची माती उतरवून ओझे कमी केले, खाल्लेल्या चार कड्या बदलल्या आणि वर उतार देऊन पत्रा टाकला. भिंतीचा खारा गिलावा लोण्याच्या रेघेच्या वर हातभर जाऊन काढला. क्षार कोरड्या ब्रशने झाडले. पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत जातात. मग सगळ्यांत अवघड काम म्हणजे काहीच न करणे. दोन फूट जाडीची मातीची भिंत वाळायला महिनोन्महिने लागतात. जवळजवळ वर्षभर ते माजघर उघडेवाघडे होते. त्या वर्षात व्याही एकदा आले. मी त्यांना त्याच खोलीत बसविले आणि झालेले सगळे सांगितले. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याही मागच्या खोलीला असेच आहे. आम्ही कपाट लावून ठेवले आहे." जिच्यापासून मी भिंत लपविली, तीही स्वतःची भिंत लपवीत होती!

भिंत वाळल्यावर तिला चुन्याचाच गिलावा केला. बोर्ड फक्त छताला लावला आणि झाकण ठेवून लावला. आज सांगायला हरकत नाही, भिंत पहिल्यासारखी गुळगुळीत नाही, पण कोरडी आहे.

सासूबाई त्यानंतर चार वर्षे होत्या. त्यांची खाट पुन्हा त्याच खोलीत ठेवावी की नाही असे मी विचारले, तेव्हा त्यांनी काठीने भिंत जागोजाग वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, "ठेव." आता त्या नाहीत. दर वैशाखात झाकण उघडून बॅटरीने वर पाहणे आणि त्यांच्याच काठीने भिंत वाजवणे हे काम माझ्याकडे आहे.

तेव्हा माझी एक सूचना आहे. येत्या वैशाखात आपण दोघी-दोघींच्या जोड्या करून एकमेकींच्या घराला प्रदक्षिणा घालावी. स्वतःच्या घराचा दोष आपल्याला रोजच्या सवयीने दिसत नाही, शेजारणीला चटकन दिसतो. त्यात लाज कसली? पोपडा हा भिंतीने दिलेला निरोप आहे. तो आधी ऐकावा, मग पाहिजे तर झाकावा.